मुंबईचा वाद्यवृंद आणि त्याचे वादक

पहाटे आकाशवाणीचें केंद्र उघडतें, त्या वेळीं निवेदकाचा शब्द उमटण्यापूर्वीं एक लहानशी सुरावट कानीं पडते. खालीं तंबोरा गुणगुणत असतो आणि त्यावर एकच व्हायोलिन शिवरंजनी रागाच्या छायेंत कांहीं स्वर आळवून जातें. जवळजवळ नव्वद वर्षें ही सुरावट आपल्या घराघरांत येत आहे. परंतु ती रचणारा कोण आणि तें व्हायोलिन वाजविणारा कोण, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. रचना वॉल्टर कॉफमन यांची आणि व्हायोलिन मेहली मेहता यांचें, असें मानतात. पहिले गृहस्थ युरोपांतील छळाच्या सांवटांतून मुंबईस आलेले यहुदी. दुसरे मुंबईचेच पारशी. या दोन नांवांचा माग काढीत गेलें म्हणजे आपण एका मोठ्या कथेच्या दाराशीं येऊन पोंचतों. ती कथा मुंबई शहराच्या वाद्यवृंदाची. आज तीच आपणांस सांगण्याचा विचार आहे.

प्रथम वाद्यवृंद, अर्थात् पाश्चात्त्य धर्तीचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. आपलें संगीत मुख्यतः एका गळ्याचें अथवा एका वाद्याचें. गवई पुढें, साथ मागें. आमच्या खानदेशांत भजनी मंडळ बसो कीं वहीगायनाचा फड जमो, दहा-वीस कंठ एकत्र येतात खरे, पण सारे एकच सूर धरतात. युरोपांत निराळी रीति वाढली. तेथें निरनिराळ्या वाद्यांस एकाच वेळीं निरनिराळे स्वर नेमून दिलेले असतात आणि त्या सर्वांचा मिळून एक अर्थ होतो. सत्तरांपासून शंभरांपर्यंत वादक अर्धवर्तुळांत बसतात. पुढें व्हायोलिन, व्हिओला, चेलो हीं तंतुवाद्यें. मध्यें बासरी, ओबो, क्लॅरिनेट हीं फुंकीचीं वाद्यें. त्यांच्या मागें पितळेचीं शिंगें व तुताऱ्या. आणि सर्वांच्या पाठीशीं नगारे. मी सोनगीरचा. आमच्या गांवच्या तांबटांस सांगितलें तर कौतुक वाटेल कीं, या नगाऱ्यांचीं भांडीं तांब्याच्या पत्र्याचींच घडविलेलीं असतात. हंड्याचा गोलवा किंचित् बिघडला तर पाणी भरण्यास अडत नाहीं. नगाऱ्याचा बिघडला तर स्वर बिघडतो. प्रत्येक वादकापुढें स्वरलिपीचा कागद असतो आणि मध्यभागीं उभा राहिलेला संचालक स्वतः एकही स्वर न काढतां सर्वांचा मेळ घालतो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. गवई एकटा रियाज करूं शकतो, एकटा जगूं शकतो. वृंदाचें तसें नाहीं. सत्तर माणसांना एकाच वेळीं, एकाच ठिकाणीं, पुनःपुन्हां जमावें लागतें. आणि त्या सत्तरांचीं पोटें भरावीं लागतात. मुंबईच्या वाद्यवृंदाचा इतिहास हा संचालकांच्या कीर्तीपेक्षां या साध्या व्यवहाराचाच इतिहास आहे, असें माझें मत आहे. तें कसें, हें आतां पाहूं.

मुंबईस हे वादक मिळाले कोठून? पहिला आणि सर्वांत मोठा पुरवठा गोव्याचा. गोव्यावर १५१० पासून पोर्तुगीजांचा अंमल होता. चर्चच्या आश्रयानें तेथें गांवोगांवीं शाळा निघाल्या आणि त्यांत प्रार्थनेबरोबर संगीतही शिकविलें जाऊं लागलें. गरिबाघरचें मूलही अक्षरांबरोबर स्वरलिपि वाचावयास शिके आणि पुढें त्याच्या हातीं व्हायोलिन येई. परंतु विद्या हातीं आली तरी गांवीं तिच्यावर पोट भरण्यासारखें नव्हतें. म्हणून एकोणिसाव्या शतकापासून हीं माणसें मुंबईकडे येऊं लागलीं. धोबीतलावाच्या आसपास त्यांचे ‘कूड’ असत. कूड म्हणजे एका गांवच्या पुरुषांनीं मिळून चालविलेली वसतीची जागा. ट्रंका भिंतीशीं लावावयाच्या, रात्रीं पथारी पसरावयाची आणि संध्याकाळीं सर्वांनीं मिळून प्रार्थना म्हणावयाची. गिरणगांवांत घाटावरच्या व कोंकणांतल्या कामगारांच्या गांवकीच्या खोल्या असत, त्याच धर्तीची ही व्यवस्था. आचारी, खलाशी, शिंपी आणि वादक असे सारे तेथें एकत्र नांदत. ज्याला वाजवितां येई तो मूकपटांच्या थिएटरांत, हॉटेलांत, बँडांत अथवा एखाद्या संस्थानिकाच्या पदरीं काम धरी.

दुसरा प्रवाह पारशी घरांचा. तेथें मुलामुलींना पियानो व व्हायोलिन शिकविण्याची हौस होती. हे लोक पोटासाठीं वाजवीत नसत. दिवसां पेढीवर अथवा कचेरींत काम आणि संध्याकाळीं वाद्य, असा त्यांचा क्रम. तिसरा प्रवाह लष्करी व नौदलाच्या बँडांचा. फुंकीचीं व पितळेचीं वाद्यें वाजविणारे कसलेले हात तेथूनच मिळत. चौथा प्रवाह कालगतीनें आला. १९३३ मध्यें जर्मनींत नाझींची सत्ता स्थापन झाली आणि मध्य युरोपांतील यहुदी कलावंतांना आपला देश सोडण्याची पाळी आली. त्यांतील कांहीं मुंबईच्या बंदरीं उतरले.

वॉल्टर कॉफमन हे त्यांतलेच. बोहेमियांत जन्मलेले हे संगीतकार १९३४ मध्यें मुंबईस आले. परक्या शहरांत थोड्याच काळांत त्यांनीं ‘बाँबे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. दर गुरुवारीं विलिंग्डन जिमखान्यांत तिची मैफल होई. कॉफमन पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर आणि एडिजिओ वेर्गा चेलोवर. मे १९३७ पर्यंत या मंडळाचे १३६ कार्यक्रम झाले. आठवड्यामागून आठवडा, पाऊस असो कीं उन्हाळा असो, नेमलेल्या वारीं श्रोते यावयाचे आणि वादक वाजवावयाचे. संस्था उभी राहते ती अशा नेमानें. कॉफमन पुढें १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई आकाशवाणीवर युरोपीय संगीताचे प्रमुख होते. आरंभीं त्यांना आपलें संगीत परकें वाटलें. परंतु त्यांनीं तें अभ्यासिलें, आणि उत्तर हिंदुस्थानच्या रागांवर त्यांनीं लिहिलेला मोठा ग्रंथ १९६८ मध्यें प्रसिद्ध झाला.

आतां मेहली मेहता यांच्याकडे वळूं. त्यांचा जन्म १९०८ चा. व्हायोलिन त्यांनीं बहुतांशीं स्वतःच्या परिश्रमानें साध्य केलें. मोठा वाद्यवृंद ज्या शहरांत नाहीं, तेथें वाढलेल्या या तरुणानें १९३५ मध्यें ‘बाँबे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. पुढें १९४० मध्यें चार तंतुवाद्यांचा ‘बाँबे स्ट्रिंग क्वार्टेट’ही त्यांनीं काढला. वर सांगितलेले चारही प्रवाह या वृंदांत एकत्र आले. पारशी हौशी वादकाच्या शेजारीं हॉटेलांत नाचाचे सूर वाजविणारा गोवेकर बसे. त्याच्या मागें बँडांतला शिपाई. आणि मध्येंच एखादा युरोपीय निर्वासित. जात, धर्म, भाषा, मिळकत या प्रत्येक बाबतींत भिन्न असलेलीं हीं माणसें एका छडीकडे पाहून एकाच क्षणीं श्वास घेत. त्या काळच्या मुंबईंत असें दृश्य दुसरीकडे क्वचितच दिसलें असेल.

१९११ मध्यें बांधलेल्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्यें पाश्चात्त्य संगीताच्या मैफली होत. त्याच इमारतींत १९९६ पासून चित्रांचें राष्ट्रीय दालन आहे. परंतु वृंदाचें खरें जीवन सभागृहांत नव्हे, तर तालमींत असतें. मेहता यांचें घर वादकांनीं गजबजलेलें असे. बैठकीच्या खोलींत चौघांची तालीम चालावयाची आणि घरांतील मुलें तीच ऐकत मोठीं व्हावयाचीं. थोरला मुलगा झुबिन १९३६ मध्यें जन्मला, म्हणजे वृंदाहून तो एका वर्षानें धाकटा. सोळाव्या वर्षीं त्याला तालमींत सबंध वृंदापुढें उभें राहून छडी धरावयास मिळाली. घरच्यांनीं त्याला वैद्यकाच्या अभ्यासास घातलें होतें. पण मन तेथें रमेना. १९५४ मध्यें, अठराव्या वर्षीं, तो व्हिएन्नास गेला आणि हान्स स्वारोव्हस्की यांच्यापाशीं शिकला. पुढें लॉस एंजलिस, न्यूयॉर्क आणि तेल अवीव येथील वृंदांचा तो प्रमुख झाला. हें सर्वश्रुत आहे. मला येथें त्याच्या वडिलांबद्दलच अधिक सांगावयाचें आहे.

१९५२ मध्यें पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून जगद्विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन हिंदुस्थानांत आले आणि दुष्काळनिधीसाठीं त्यांनीं कार्यक्रम केले. मुंबईच्या रसिकांस तो मोठा सोहळा वाटला. परंतु सोहळा संपला म्हणजे दुसऱ्या दिवशीं वादकाला पुन्हां चुलीची चिंता असते. मुंबईच्या वृंदाला कायमचा पगारी वादकवर्ग कधींच ठेवतां आला नाहीं. हॉटेलवाला रात्रपाळी लावी, स्टुडिओवाला दिवसां बोलावी, बँडवाल्याची बदली होई. पंधरा दिवस मेहनत घेऊन बसविलेली रचना एक माणूस न आल्यानें ढांसळे. अखेर १९५५ मध्यें, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, मेहली मेहता यांनीं मुंबई सोडली आणि ते इंग्लंडांत मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदांत उप-अग्रवादक म्हणून रुजू झाले. आपल्या शहरांत वृंदाचा संस्थापक असलेला मनुष्य दुसऱ्या शहरांत वादकांच्या रांगेंत जाऊन बसला. यांत त्याला कमीपणा वाटला नसावा; कारण तेथें वादकाला वादक म्हणून जगतां येत होतें.

हें मँचेस्टर आपणां खानदेशवासीयांस परकें नाहीं. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांसाठीं हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हां आपल्या काळ्या जमिनींतला कापूसही मुंबईच्या बंदरांतून तिकडे गेला. त्याच कापडाच्या शहरांत १८५८ मध्यें चार्ल्स हॅले यांनीं आपला वृंद उभा केला होता. व्यापाऱ्यांनीं वर्षाची वर्गणी भरावी, ठरलेल्या वारीं मैफली व्हाव्या, आणि स्वस्त जागेवर कामगारानेंही येऊन बसावें, अशी तेथील रीति पडली. दुसऱ्या महायुद्धांत हा वृंद मोडकळीस आला, तेव्हां १९४३ मध्यें जॉन बार्बिरोली यांनीं तो थोड्याच आठवड्यांत पुन्हां उभा केला. त्यांनीं शाळकरी मुलगा, शाळेंतली शिक्षिका, पितळी बँडांतले वादक असे मिळतील ते हात गोळा केले. हें शक्य झालें, कारण त्या मुलखांत गल्लोगल्लीं स्वर वाचणारीं माणसें तयार होतीं. वृंद मोडला तरी त्याचें मूळ जमिनींत शाबूत होतें. मुंबईंत मेहली मेहता गेले आणि त्यांच्यामागें वृंदाची घडी विस्कटली. दोन शहरांतील फरक तो एवढाच.

मग मुंबईचे वादक गेले कोठें? ते कोठेंही गेले नाहींत. ते आपल्या कानांत येऊन बसले. चित्रपटसंगीताला त्याच सुमारास मोठ्या वृंदाची गोडी लागली. १९५२ च्या ‘आन’ चित्रपटासाठीं नौशाद यांनीं शंभर वादकांचा ताफा वापरल्याचें प्रसिद्ध आहे. संगीतदिग्दर्शक चाल बांधी. ती चाल तीस व्हायोलिनांनीं, चार शिंगांनीं, दोन बासऱ्यांनीं कशी वांटून घ्यावयाची, हें कागदावर लिहून काढण्याचें काम बहुधा गोवेकर करी. शंकर-जयकिशन यांच्याकडे हें काम सेबॅस्टियन डिसोझा यांनीं वर्षानुवर्षें केलें. गाण्याच्या दोन कडव्यांमध्यें जो व्हायोलिनांचा लोंढा अंगावर येतो आणि आपण मान डोलावतों, तो गोव्यांतील चर्चच्या शाळेंतून निघालेला आहे. गाणाऱ्याचें नांव सर्वांना पाठ असतें. वाजविणारांचीं नांवें पडद्यावर क्वचितच येत.

या वादकांतला एक जण असा निघाला कीं त्याला हें नुसतें पोटभरूपण पुरेना. त्याचें नांव अँथनी गोन्साल्विस. गोव्यांतील माजोर्डा गांवीं १९२७ मध्यें त्यांचा जन्म. मुंबईंत ते स्टुडिओंतले नांवाजलेले व्हायोलिनवादक व शिक्षक झाले. आपले राग आणि पाश्चात्त्य वृंद यांचा मेळ घालावा, हा त्यांचा ध्यास. १९५८ मध्यें त्यांनीं ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. ११० वादक जमविले, सारंग रागावर व्हायोलिनची रचना लिहिली, आणि सेंट झेवियर कॉलेजच्या प्रांगणांत ती वाजविली. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचे कंठही त्या वृंदाबरोबर लागले. एवढा खर्च आणि एवढी खटपट एका स्टुडिओ-वादकाच्या मिळकतींतून किती काळ चालणार? कोणी कायमचा आश्रयदाता पुढें आला नाहीं. १९६५ मध्यें गोन्साल्विस अमेरिकेंत गेले. परत आले ते गोव्यांतील आपल्या गांवीं, शांतपणें राहण्यासाठीं. २०१२ मध्यें ते वारले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटांतील एका गाण्यांत गुरूचें नांव गुंफलें, म्हणून तें नांव देशभर प्रत्येक पोराच्या तोंडीं झालें. त्या नांवाचा खरा मनुष्य जिवंत आहे आणि त्याचा एक मोडलेला वृंद आहे, हें मात्र नाचणाऱ्यांपैकीं किती जणांस माहीत होतें?

१९८० नंतर विजेवर चालणारीं नवीं वाद्यें आलीं. एका पेटीवर एक मनुष्य तीस व्हायोलिनांचा आवाज काढूं लागला. स्टुडिओंतील तीस खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या; आणि ज्या घरांत बापानें व्हायोलिन धरलें होतें, त्या घरांतील मुलानें दुसरी नोकरी धरली. परक्या धंद्याच्या आश्रयावर जगणाऱ्या कलेची गति अशीच होते.

या उताराच्या काळांत एक दिवा मात्र तेवत राहिला. जिनी दिनशॉ या बाईंनीं १९६२ मध्यें ‘बाँबे चेंबर ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. मोठे सोहळे हें त्याचें वैशिष्ट्य नव्हे. मुलांना तंतुवाद्यें शिकवावयाचीं, तीं शिकलीं कीं वृंदांत बसवावयाचीं, आणि एक मोठें होऊन निघून गेलें कीं दुसऱ्यास तयार करावयाचें, असें हें दशकानुदशकें चाललेलें काम. आम्हां मास्तर लोकांस त्याची किंमत अधिक कळते.

सर्वांत अलीकडचा अध्याय नरिमन पॉइंटचा. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनीं १९६९ मध्यें स्थापिलेल्या राष्ट्रीय प्रयोगकला केंद्रांत १९९९ मध्यें अकराशें आसनांचें नाट्यगृह उघडलें. आणि २००६ मध्यें खुश्रू सनटूक व कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव यांनीं तेथें ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा केला. या वेळीं वादकांस पगार मिळाला, सभागृह मिळालें, तालमींना जागा मिळाली. २०१९ मध्यें या वृंदानें इंग्लंडचा दौराही केला. परंतु आरंभापासून त्यांतील पुष्कळसे वादक कझाकस्तानांतून व इतर देशांतून आणावे लागले. हिंदी वादक थोडे. कांहीं टीकाकारांनीं त्यावरून नाकें मुरडलीं. मला त्यांत दोष देण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. पन्नास वर्षें ज्या शेतांत पेरणी झाली नाहीं तेथें पहिल्या वर्षीं धान्य बाहेरूनच आणावें लागतें. महत्त्वाची गोष्ट ही कीं चालकांना हें उमगलें, आणि २०१२ मध्यें त्यांनीं मुलांसाठीं संगीताची अकादमी काढली. या वृंदाचें भवितव्य नाट्यगृहाच्या संगमरवरावर नाहीं, त्या वर्गावर आहे.

कोणी म्हणेल, हें संगीतच परकें. तें येथें रुजावें कसें? त्यास उत्तर आपल्याच इतिहासांत आहे. व्हायोलिन युरोपांतून आलें; पण दक्षिणेंत गुरूंनीं तें शिष्यांच्या हातीं दिलें आणि आतां कर्नाटक संगीताची मैफल त्यावांचून क्वचितच होते. उलट बाजूनें पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचें उदाहरण घ्या. त्यांनीं १९०१ मध्यें लाहोरास आणि १९०८ मध्यें मुंबईस गांधर्व महाविद्यालय काढलें. मुंबईची इमारत पुढें कर्जापायीं हातची गेली. पण इमारत गेली म्हणून विद्या गेली नाहीं. कारण ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांच्यासारखे शिष्य तयार झालेले होते. विनायकरावांनीं १९३२ मध्यें पुण्यास विद्यालय काढलें. आज आपल्या खानदेशांतलीं मुलेंही त्या परंपरेच्या परीक्षांस बसतात. मेहली मेहतांचें सभागृह शाबूत राहिलें आणि वृंद गेला. पलुसकरांचें सभागृह गेलें आणि गाणें राहिलें. मेहता कमी योग्यतेचे होते म्हणून असें झालें नाहीं. अमेरिकेंत त्यांनीं १९६४ मध्यें तरुणांचा वाद्यवृंद स्थापून तेहतीस वर्षें चालविला आणि शेंकडों वादक घडविले. २००२ मध्यें, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, ते तिकडेच वारले. जें त्यांनीं दूरच्या मुलांना दिलें तें घेण्याची व्यवस्था त्यांच्या जन्मगांवानें वेळेवर केली नाहीं.

श्रोते हो, ही गोष्ट मुंबईची असली तरी बोध आपल्या अंगणांतला आहे. आपल्याकडे लग्नसराईंत बँड येतो. क्लॅरिनेट वाजविणारा मनुष्य उन्हांत तासन्तास वरातीपुढें चालतो, आणि हंगाम संपला कीं शेतावर मजुरीस जातो. त्याची विद्या त्याच्या बापाची. मुलाला ती देण्याची त्याची छाती होत नाहीं, कारण आतां मोठ्या भोंग्यांच्या गाडीनें त्याचीही खुर्ची रिकामी करण्यास आरंभ केला आहे. अशा माणसास आपल्या शाळेंत आठवड्यांतून दोन तास बोलवावें, त्यास मानधन द्यावें, आणि दहा मुलांच्या हातीं वाद्यें द्यावीं, एवढें एखाद्या गांवास जड नाहीं. त्या दहांतून झुबिन मेहता निघेल असें मी म्हणत नाहीं. परंतु मागच्या रांगेंत बसून आपला स्वर चोख वाजविणारा मनुष्य निघेल. आणि वृंद उभा असतो तो त्याच्याच आधारावर.